श्वास काढणारी

जेवताना मासोळीने एक श्वास घेतला, आणि तिच्या आईचा चमचा सुपाच्या वाडग्यात तसाच राहिला. श्वासाचं एवढं काय, माणूस दिवसभर घेतच असतो, कुणी त्याच्याकडे बघत नाही. पण हा श्वास मासोळीचा नव्हता. तो आधी नाकाने आत गेला, मग काहीतरी विसरल्यासारखा दाराशीच थबकला, मग त्याच्यावर आणखी एक इवलासा घोट घेतला गेला, आणि मग तो सावकाश बाहेर आला. आत, थांबा, घोट, बाहेर. मासोळी पाव मोडत होती, तिचं लक्षही नव्हतं. "मीठ जास्त झालंय का?" नवऱ्याने विचारलं. "नाही," ती म्हणाली आणि चमचा तोंडात घातला. सूप कशाचं होतं हे नंतर कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. ज्या पोरीचा श्वास तिला पाळण्यापासून पाठ होता, त्या पोरीच्या नाकातून आज साखरबाई श्वास घेत होती.

साखरबाई हे नाव तिने मनातल्या मनात ठेवलेलं. बाईंचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं आणि मुलं त्यांना नुसतं 'ताई' म्हणायची. शाळाशाळांतून मुलांच्या फोनवर जाणाऱ्या एका कार्यक्रमाचा त्या आवाज होत्या. रोज दहा मिनिटं डोळे मिटून ऐकायचं, फोनवर दिसलेलं सगळं बाजूला ठेवायचं, आपल्या श्वासाकडे बघायचं, असं काहीतरी. आणि मासोळीची आई, ही, त्या आवाजाची संकलक. म्हणजे बाईंनी बोलायचं आणि हिने त्या बोलण्यातला केर काढायचा. जिभेचा टक्क, थुंकीचा घोट, खुर्चीची कुरकुर, कागदाची सळसळ, आणि श्वास. निर्मात्याची सक्त ताकीद होती. गळ्यात बारा महिने मफलर गुंडाळणारा आणि सगळ्यांना बॉस म्हणणारा तो माणूस, तो म्हणाला, "श्वास नकोत, बॉस. मुलांना वाटलं पाहिजे की शांतताच बोलतेय." पहिल्या दिवशी तिला हसू आलं होतं. श्वासाकडे लक्ष द्या असं सांगणारी बाई स्वतः मात्र श्वासच घेत नाही, म्हणजे कोरड्या ठणठणीत माणसाने पोहायला शिकवण्यातली गत. पण काम ते काम. ती बाईंचा एकेक श्वास स्क्रीनवर लाटेसारखा उमटलेला बघायची, त्याला दोन्ही बाजूंनी धरायची आणि उचलून काढायची. काढलेल्या जागी भोक पडतं. निव्वळ पोकळी, ऐकणाऱ्याला वाटतं फोनच बंद पडला. म्हणून त्यात शांतता भरावी लागते, आणि तीही कुठल्यातरी खरोखरीच्या खोलीची, कारण रिकाम्या खोलीलाही आपला एक बारीक आवाज असतो. तिने आपल्याच घरच्या खोलीत माइक चालू ठेवून ती शांतता भरून घेतली होती आणि तिचे स्वच्छ तुकडे त्या भोकांत बसवले होते. काढलेले श्वास मात्र ती फेकत नसे. कधी लागतील सांगता येत नाही. 'कचरा' नावाच्या एका कप्प्यात ते साठत गेले होते.

तेव्हा प्रश्न सरळ होता, आणि तो जगात फक्त तिलाच पडण्यासारखा होता. तो अडखळून घोट घेणारा श्वास कार्यक्रमात कुठेही नव्हता. एकही नव्हता, तिने तिच्या हाताने काढला होता. मग मासोळीने तो उचलला कुठून? श्वास सांगून येत नाही. बोलण्याची लकब येते तसा तोही जवळच्याकडून अंगाला लागतो, रोजच्या सहवासाने लागतो. म्हणजे मासोळी त्या बाईला ऐकत होती ती कार्यक्रमात नव्हे. फोनवर ऐकत होती, किंवा समोर बसून, न कापलेली, सगळ्या श्वासांसकट. सवतीमत्सर फक्त नवऱ्यावरून होतो असं ज्याने कुणी ठरवलं, त्याला मूलबाळ नसावं. "कुणाशी बोलतेस का गं हल्ली?" तिने विचारलं, जमेल तितक्या सहज. "कुणाशी?" "कुणाशी म्हणजे, कुणाशीही." "तुझ्याशी बोलतेय की आत्ता," मासोळी म्हणाली, आणि उरलेला पाव तोंडात कोंबून उठली.

मासोळीची आणि बाईंची भेट एकदाच झाली होती, तीही हिच्यामुळेच. ही किल्ली विसरली होती आणि मासोळी शाळेतून थेट स्टुडिओत ती द्यायला आली होती. बाई ध्वनिबंद खोलीतून बाहेर येत होत्या. गळ्यात चष्म्याची दोरी, पायात घरच्या मऊ चपला, कारण बुटांचा आवाज येतो. त्यांनी मासोळीच्या खांद्यावर हात ठेवला, तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हीच का ती? किती शांत आहे गं." शांत? मासोळी तेव्हा शांत नव्हती, मुकी झाली होती. पण बाईंच्या तोंडून तो शब्द असा आला की जणू पोरीला कुणीतरी शाबासकी दिली, आणि मासोळी चक्क हसली. कितीतरी दिवसांनी हसली होती. ते हसू हिने पाहिलं, किल्ली घेतली आणि "जा आता, उशीर होईल" म्हणाली. त्या एका हसण्याचं काय करायचं हे तिला आजवर कळलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, एवढं तिला समजत होतं.

मासोळी हे नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. पोर चालायच्या आधी पाण्यात गेली. तलावाच्या कडेला पायऱ्यांवर बसून हिनेच तिला पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायला शिकवलं होतं. "आत ठेवू नकोस, सोड, सगळा सोड" असं ओरडायची तेव्हा बाकीच्या आया वळून बघायच्या. पुढे शाळेच्या संघात, पुढे स्पर्धांत. आणि मग तो दिवस. हिचं काम होतं म्हणून ही गेली नव्हती. मासोळी उडी मारायच्या चौथऱ्यावर चढली, वाकली, आणि शिटी व्हायच्या आत खाली उतरली. का उतरली हे तिने कुणालाच सांगितलं नाही, कदाचित तिलाही ठाऊक नसावं. वर्गातल्या कुणीतरी ते फोनवर टिपलं आणि तेवढाच तुकडा पुढेमागे जोडून गोल फिरता केला. चढली, वाकली, उतरली. चढली, वाकली, उतरली. मग वर्गाच्या गटात कुणी गणिताला घाबरलं तरी उत्तरादाखल तेच यायचं, कुणाचं जमलेलं मोडलं तरी तेच, शिक्षक येत नाहीत कळलं तरी तेच. चेष्टा अशी की त्यात एकही वाईट शब्द नव्हता, त्यामुळे तक्रार तरी कशाची करायची. आणि सगळ्यात जास्त वेळा तो तुकडा मासोळीनेच पाहिला. हिने एकदा तिच्या खोलीत डोकावून पाहिलं तर पोर पलंगावर गुडघे जवळ घेऊन बसलेली आणि फोनच्या उजेडात तिच्याच तोंडावर ती चढत होती, उतरत होती. त्यानंतर ते श्वास कमी पडणं सुरू झालं. "पुरत नाही," एवढंच म्हणायची. छातीत काही नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी फोनवरचे गट काढून टाकायला लावले आणि रोज दहा मिनिटं ताईंचा कार्यक्रम ऐकायला सांगितला. घरात आई असताना पोरीला औषध म्हणून काय दिलं, तर साखरबाईचा आवाज. पाट्यावर हिनेच वाटायचं आणि पुण्य दुसरीच्या पदरी.

खरी गोष्ट अशी होती की हिने आपला आवाज एकदा देऊन पाहिला होता. कार्यक्रम ठरत होता तेव्हा. निर्मात्याने डोळे मिटून ऐकलं, मफलर सारखा केला आणि म्हणाला, "तुमचा आवाज कामाचा आहे हो. पण कामाचा आहे." तीही हसली होती. घरी आल्यावर तिने तो नमुना पुन्हा ऐकला आणि तिला पटलं की एखाद्या कार्यालयात पुढच्या माणसाला खिडकीशी बोलावणाऱ्या बाईचा आवाज आहे आपला. डोळे मिटावेत असा नाही, उलट उघडावेत असा. त्यामुळे मासोळीचा श्वास अडला की तिला काही बोलायची भीती वाटे. जवळ जायची आणि तोंड उघडलं की "पाणी घे", "खिडकी उघडू का", "बाबांना बोलावू का" असलं काहीतरी निघायचं. आणि पोर मान हलवून नको म्हणायची. पुढे पुढे मासोळी स्वतःच बाहेरच्या खोलीत येऊन बसू लागली. हिचं कामाचं टेबल भिंतीकडे तोंड करून, मागे दिवाण. दिवाणावर मासोळी, मांडीवर पुस्तक, कानांत इयरफोन. दुपार कलली की रोज. हिच्या कानांवर मोठे बंद हेडफोन, त्यांत बाहेरचं काही ऐकू येत नाही. पुढे साखरबाई बोलत असायची, ती हिच्या कानांत. आणि मागे पोरीच्या कानांतही तीच. एका खोलीत आई आणि लेक, आणि मधे ही तिसरी, भाडं न देता राहिलेली. हिला कितीदा वाटे की हेडफोन काढावेत आणि वळून म्हणावं, बास कर. पण वळलं की मासोळी पुस्तक उचलून जायची. एकदोनदा तसं झाल्यावर ती वळेनाशी झाली.

जेवणातल्या त्या श्वासानंतर मात्र तिचं कामात लक्ष लागेना. स्टुडिओत पुढचं ध्वनिमुद्रण होतं तेव्हा ती काचेपलीकडून बाईंच्या नाकपुड्यांकडे बघत राहिली. आत, थांबा, घोट, बाहेर. तंतोतंत. मधल्या सुटीत चहा ओतताना तिने आडून विचारलं, "मुलं फोन करत असतील ना तुम्हाला? एवढी माया लावता तुम्ही." बाई हसल्या. "फोन? छे हो. मी फोनवरचं ते गटबिट सगळं काढून टाकलंय. तिथे नावच नाही माझं." मग कप दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "एकदा कुणीतरी माझ्या हसण्याची नक्कल करून टाकली होती. वाईट नव्हती हो, लोक हसले, मीही हसले. पण नंतर किती दिवस हसायच्या आधी मी तोंडावर हात घ्यायची. मुलांना काय सांगणार मी, मीच भित्री. लिहून दिलेलं वाचते झालं." कुणालाही वाटलं असतं की बाई खरं बोलतायत. हिलाही वाटलं, आणि तेच तिला सोसलं नाही. खोटं इतकं सहज बोलता येण्याइतका आवाज ज्यांना मिळतो, त्यांनाच लेकी भुलतात, असं काहीतरी तिच्या मनात आलं. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं की तर्काला तोटा नसतो.

त्या दिवशी घरी येऊन तिने 'कचरा' उघडला. आधी नुसतंच ऐकायचं म्हणून. मग दोन श्वास एकमेकांना जोडले. मग त्यांना एक जिभेचा टक्क, मग एक अडकलेला शब्द, "शां, शां, शांत", मग बाईंच्या पोटातल्या कावळ्यांची ओरड, जी जेवायच्या वेळी मुद्रण असलं की हमखास यायची. हात सरावाचे होते. काय कशानंतर आलं की हसू येतं हे तिला कळत होतं. धाप लागलेल्या म्हातारीने आगगाडीमागे धावावं तसा तुकडा तयार झाला, आणि शेवट पहिल्याला जोडला तेव्हा तो आपोआप गोल फिरू लागला. तिला इतकं बरं वाटत होतं की तिने स्वतःशी मान डोलावली. कितीतरी दिवसांत आपलं काम इतकं जमलं नव्हतं. मागे दिवाणाची स्प्रिंग वाजली असावी. ऐकू आली नाही, पण खोलीत कुणी आलं की पाठीला कळतं. ती वळली. मासोळी होती, कानांत इयरफोन, हातात पुस्तक. "ऐक," ती म्हणाली, "तुझी ताई ऐक," आणि मोठ्या स्पीकरवर तो तुकडा लावला.

मासोळीने एक इयरफोन काढला. पहिल्या फेरीला तिला कळलं नाही. दुसऱ्या फेरीला कळलं. हिने तिच्या तोंडाकडे पाहिलं, ओठाचा कोपरा हलतो का ते पाहिलं. हसली असती तर सगळं जिंकल्यासारखं झालं असतं, दोघी मिळून हसल्या असत्या. मासोळीचं तोंड हळूहळू पांढरं पडत गेलं. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, "बंद कर." हिने बंद केलं. "गंमत गं," ती म्हणाली, "बघ ना, ती पण आपल्यासारखीच, पोट गुरगुरतं तिचं." "कुणाला पाठवलंस?" "कुणाला नाही. आपल्यातच." "तेही असंच म्हणाले होते," मासोळी म्हणाली, "आपल्यातच." आवाज चढलेला नव्हता. "आणि तुझं काय बिघडवलंय तिने?" हिने मग ते म्हटलं जे म्हणायचं नव्हतं. म्हणाली, मला सगळं कळतं, तू तिच्याशी बोलतेस, तिच्यासारखा श्वास घेतेस, आईला सांगायला तोंड उघडत नाही आणि तिच्यापुढे घडाघडा बोलत असशील, मग जा, तिलाच आई म्हण, इथे माझ्या पाठीमागे बसून तिला ऐकायची काही गरज नाही. मासोळी ऐकून घेत होती. "मी तिच्याशी कधीच बोलले नाहीये," ती म्हणाली, पुस्तक उचललं आणि आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली आणि दिवाण रिकामा राहिला. तिसऱ्या दिवशीही. मासोळी घरातच होती, जेवत होती, विचारलं तेवढं बोलत होती. पण एकदा बाथरूमचा नळ उगाच सोडलेला ऐकू आला आणि त्या पाण्याच्या आवाजाखाली तो पुरत नसलेला श्वास. ही दाराशी उभी राहिली. हात वर केला आणि वाजवला नाही. नवरा इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला हिने अर्धंमुर्धं सांगितलं, म्हणजे आपली बाजू सांगितली. तो पक्कड पुसत म्हणाला, "लोक दोन मजल्यांच्या मधे अडकतात ना, तेव्हा बाहेरचे लोक दार बडवतात. बटणं दाबा, उड्या मारू नका, सतरा सल्ले. आतल्याला त्याचं काय? बाहेर कुणीतरी आहे एवढं कळलं की त्याला पुरतं. मी तर नुसती शीळ घालतो." "तुझी ती शीळ ऐकून आतला जिना शोधत असेल," ती म्हणाली. तो हसला. मग आठवल्यासारखं म्हणाला, "आणि तिला इयरफोन आणायचेत. ते कधीचे बंद पडलेत, एकातून काही ऐकू येत नाही आणि दुसऱ्यातूनही. मागेच म्हटलं होतं तर म्हणाली, राहू देत, असेच बरे आहेत." "कधीचे म्हणजे?" "झाले की महिने," तो म्हणाला आणि पक्कड पेटीत टाकली.

ते वाक्य तिच्या कानात आलं आणि बसायला जागा न मिळाल्यासारखं उभंच राहिलं. कामाचा दिवस होता. नव्या भागांसाठी शांतता कमी पडत होती. तेच तेच तुकडे भरले की पाठीमागे एक ठेका जाणवतो, म्हणून तिने ती जुनी मूळ फाइल उघडली, ज्यात या खोलीची शांतता भरलेली होती. कार्यक्रम सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर ती भरताना तिने माइक स्क्रीनच्या मागे ठेवून चालू सोडला होता आणि स्वतः हेडफोन लावून दुसरं काम करत बसली होती. मग मधले स्वच्छ तुकडे घेऊन बाकीचं न ऐकताच ठेवून दिलं होतं. आता ती ते सलग ऐकू लागली. फ्रीजची घरघर. रस्त्यावरून गेलेली सायकलची घंटा. तिच्या बोटांची टकटक. आणि मग तो श्वास. आत, थांबा, घोट, बाहेर. तिने मान वर केली. ही बाई इथे कशी? तिने मागे जाऊन पुन्हा ऐकलं. स्क्रीनवर ती लाट होती, टेकडी, खाच, लहानशी टेकडी, उतार; ती लाट तिने इतक्या वेळा उचलली होती की झोपेतही काढून दाखवली असती. पण साखरबाई या खोलीत कधी आल्याच नव्हत्या. माइकसमोर दुसरं कुणी नव्हतं. माइकसमोर ती स्वतः होती, कानांवर बंद हेडफोन, त्यांत तो आवाज, दिवसचे दिवस; आणि हेडफोन लावलेल्या माणसाला आपला श्वास ऐकू येत नाही. जगातल्या सगळ्यांचे श्वास ऐकायला बसलेल्या बाईला तेवढा एकच ऐकू येत नव्हता. त्या बाईंचा श्वास तिने काढला होता आणि तो जायला जागा नव्हती म्हणून तिच्यातच येऊन राहिला होता.

ती ऐकत राहिली. दिवाणाची स्प्रिंग वाजली, पुस्तकाचं पान उलटलं. मग बराच वेळ एक फाटका, घाईचा, वरवरचा श्वास, तिच्या पाठीमागून, दूर. ती तेव्हा तिथेच होती, चार हातांवर, आणि काम करत होती. पुढे तिचा स्वतःचा श्वास आला, थबकला, घोट, बाहेर. त्यानंतर निमिषभराने मागून दुसरा. फाटका, पण थबकायचा प्रयत्न करणारा. पुन्हा तिचा, पुन्हा मागून. हळूहळू मागचा खोल होत गेला. तो कार्यक्रमाच्या मापाने चालला नव्हता, हिच्या मापाने चालला होता. ही मध्ये शिंकली तर तोही चुकला, आणि ही पुन्हा लयीला लागली की तोही लागला. बंद पडलेले इयरफोन कानांत घालून, कुणी काही विचारू नये म्हणून घालून, पोर आईच्या पाठीकडे बघत बसली होती. पाठ वर जाते, थांबते, जराशी आणखी वर जाते, खाली येते. तोंड उघडलं तर पाणी घे म्हणणारी आई. पाठीला मात्र काही म्हणता येत नव्हतं. आणि त्या पाठीवरूनच हिने तिला उठवून लावलं होतं. तिने हेडफोन काढले आणि तळहात डोळ्यांवर दाबून धरले. आपल्या लेकीला कुणी पळवलं म्हणून ती जळत होती, आणि पळवणारी आपणच, हे कळल्यावरही जळणं थांबलं नव्हतं. आता ती त्या पाठीवर जळत होती, जिला सगळं मिळालं आणि जिने तिला सांगितलं नाही.

मासोळीला बोलवावं, पाय धरावेत, ही फाइल ऐकवावी, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. पण फाइल ऐकवायची म्हणजे पुन्हा तेच. आणखी एक तुकडा, आणखी एकदा 'ऐक'. तिने तो गोल फिरणारा तुकडा पुसला. मग 'कचरा'ही पुसला, महिन्यामहिन्यांचे श्वास, निर्मात्याला लागले तर बोंबलेल, बोंबलू दे. दुपार कलली. तिने स्वयंपाकघरात जाऊन उगाचच मोठ्याने भांडी लावली, म्हणजे आतल्याला कळावं की आई उठून गेली आहे, जागा मोकळी आहे. मग परत येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. हेडफोन लावले. पण ते एका बाजूने जरासे सरकवले, कान उघडा राहील एवढे, आणि काही चालू केलं नाही. श्वास घ्यायला गेली तर येईना. कसा घेतो आपण, आधी थबकतो की आधी घोट? ठरवून घेतला तर खोटा वाटू लागला. तिला साखरबाईंची आठवण झाली, हसायच्या आधी तोंडावर हात घेणाऱ्या, आणि पहिल्यांदाच त्यांची जरा दया आली. फार नाही, जरा. स्वतःला विसरायचं म्हणून ती रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसली. पाठ दुखू लागली तरी हलली नाही.

आतलं दार वाजलं. पावलं खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबली, इतका वेळ थांबली की तिला वाटलं परत गेली. मग दिवाणाची स्प्रिंग.

"आई, स्क्रीन हलत नाहीये," मासोळी म्हणाली.

तिने हेडफोन काढले नाहीत. "तुझ्या तरी कानांत काय चालू आहे?" ती भिंतीला म्हणाली.

मागे पुस्तक मिटलं. मग, "काही नाही."

"मी ते पुसलं. सगळं. आणि मी चुकले."

"हं."

"मासोळी..."

"वळू नकोस," मासोळी म्हणाली. आवाज वरवरचा होता, तुटत होता. पुरत नव्हतं तिला. "काम कर ना. तू काम कर."

तिचे हात उठले होते, खुर्ची अर्धी फिरली होती. ती तिने परत फिरवली. पाणी घे हे शब्द अगदी ओठांवर आले होते, ते गिळले. फाइल उघडली, आणि कानात साखरबाई बोलू लागल्या. पहिलं वाक्य, आणि त्याच्या शेवटी तो श्वास. तिने त्याला दोन्ही बाजूंनी धरलं आणि उचलून काढलं, रोजच्यासारखं. स्क्रीनवर तिथे भोक पडलं. मग दुसरा काढला, मग तिसरा. काम हळूहळू हाताला लागलं आणि पाठीचा तिला विसर पडू लागला. उघड्या कानाला मागचं ऐकू येत होतं, फाटकं, घाईचं. ती वळली नाही. चौथा श्वास तिने काढला, आणि निमिषभराने तो तिच्या पाठीमागे घेतला गेला.